दिवाणातलं कासव

जयलक्ष्मीबाईंचा आवाज उभ्या जन्मात कुणी चढलेला ऐकला नव्हता. हुबळीजवळच्या उणकलच्या त्या नव्या वसाहतीत कुठं सासू-सुनेची जुंपली की बायका म्हणायच्या, "जयक्कांकडं बघा जरा. बोलतात की पाणी शिंपडतात, कळत नाही." पहाटे डोक्यावरून नाहून मडी, म्हणजे सोवळं, नेसून स्वयंपाक, शनिवार, एकादशी, आणि चातुर्मास आला की चारही महिन्यांची चारही व्रतं. पहिल्या महिन्यात भाजीपाला नि फळं बंद, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध, चौथ्यात डाळी. तीस वर्षं यात खंड नव्हता. श्रीनिधीच्या वेळी ओली बाळंतीण होत्या तेव्हाही नाही, आणि नवरा तीन वर्षं अंथरुणाला खिळून होता तेव्हाही नाही. पहिल्या महिन्याच्या शाकव्रतात त्यांच्या उंबऱ्यातून कोथिंबिरीची काडीसुद्धा आत आली नव्हती. हे त्या स्वतः कुणाला सांगत नसत. सांगणारे दुसरे असत, आणि त्यांना त्या थांबवत नसत.

वैशाखात श्रीनिधीचं लग्न झालं आणि धारवाडच्या केलगेरीची वेदश्री सून होऊन घरात आली. देशपांडे नगरात औषधांच्या दुकानात ती नोकरीला होती. मोजकं बोलायची, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत त्याच्याकडं बघत राहायची. जयलक्ष्मीबाईंना ते बघणं पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. तिच्याबरोबर साड्या आल्या, भांडी आली आणि भोकं पाडलेल्या आंब्याच्या पेटीतून एक कासव आलं. परदेशी जातीचं, दीड वितीचं, पाठीवर पिवळ्या-काळ्या ढलप्या. तिचा भाऊ प्रभंजन शिकायला परदेशी गेला तेव्हा रीतसर नोंदीच्या कागदांसकट ते तिच्या ओटीत टाकून गेला होता. तेव्हा ती शाळेत होती. आई नसलेल्या घरात तिनं त्याला वाढवलं, की त्यानं तिला, कोण जाणे. त्याचं नाव गुंडू.

"असं नाव का ठेवायचं?" जयलक्ष्मीबाई हसून म्हणाल्या. "आमच्या घरात तो कूर्मप्पा. साक्षात दुसरा अवतार आलाय दारी."

वेदश्री म्हणाली, "हो, आत्याबाई." सासूला ती आत्याबाईच म्हणायची.

त्याला राहायला जागा करायची ठरली तेव्हा श्रीनिधी एक बोलून गेला. बँकेतून घरी आला, बूट काढता काढता वेदश्रीला म्हणाला, "मागच्या खोलीत अप्पांचा दिवाण नुसता पडलाय की. वरची फळी काढली की खालचं खोकं मोकळं. सहा बाय तीन. तुला असंच पाहिजे होतं ना?"

जयलक्ष्मीबाई तांदूळ निवडत होत्या. त्या दिवाणावर त्यांच्या नवऱ्यानं तीन वर्षं काढली होती आणि त्यावरच प्राण सोडला होता. कूस बदलायला लावणं, पाठीला पावडर लावणं, भांडं धरणं, सगळं त्यांच्या हातचं. खालच्या खोक्यात अजून त्यांचा मफलर होता.

"आई, चालेल ना?"

"घ्या की," त्या म्हणाल्या. "लाकडाला काय कळतं?"

आणि पुन्हा तांदळात बोटं घातली. पण त्या दिवशी भातात खडा निघाला, तीस वर्षांत पहिल्यांदा.

वेदश्रीनं सुट्टीचे दोन दिवस घालून ते घर उभं केलं. सुतारानं वरची फळी काढून दिली. खोक्याच्या कडा गुडघ्याएवढ्या उंच होत्या, तेवढ्या पुरे होत्या. काच नको म्हणाली, पलीकडचं दिसलं की ते दिवसभर काचेवर डोकं आपटत बसतं. तळाला जाड प्लॅस्टिक, त्यावर शेतातली लाल माती नि वाळू कालवून वीतभर थर. एका टोकाला शहाबादी फरशीचा तुकडा आणि त्याच्या वर लोखंडी दांड्याला टांगलेला, उन्हासारखा उजेड नि ऊब देणारा दिवा. दुसऱ्या टोकाला आडवं फोडलेलं अर्धं मडकं, त्याला आत शिरून झोपायला. मधे कुंडीखालची मातीची ताटली, घोटभर पाण्याची. एक टोक उन्हाचं, एक सावलीचं, त्याला वाटेल तिकडं त्यानं जावं. दोन्हीकडं थर्मामीटर चिकटवले.

जयलक्ष्मीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "कासव ना हे? मग घंगाळात पाणी भरून ठेवायचं सोडून ही माती कसली?"

"हे पाण्यातलं नव्हे, आत्याबाई. जमिनीवरचं. घंगाळात घातलं तर बुडून मरेल."

"भगवंतानं क्षीरसागरात पर्वत पाठीवर घेतला, तो नाही बुडाला."

"तो देव होता," वेदश्री म्हणाली. "हा गुंडू आहे." आणि आवाज मऊ करून पुढं म्हणाली, "याला फार लागत नाही. ओल नको, थंडी नको. आणि रोज मूठभर पाला. राजगिरा, तांदुळजा, मेथी, नाहीतर नुसतं गवत. एवढंच."

एवढंच, जयलक्ष्मीबाईंनी मनात म्हटलं. माझ्या नवऱ्याच्या मरणाच्या जागेवर माती ओतली, आणि वर एवढंच.

ज्येष्ठ सरत आला तसा दुसरा विषय निघाला. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात सुनेनं सासूबरोबर एका छपराखाली राहू नये, महिनाभर माहेरी जावं, ही त्यांच्याकडची जुनी रीत. वेदश्री म्हणाली, "जाते. गुंडूला घेऊन जाते."

"छे ग. देव म्हणून घरात आलेला जीव आषाढात उंबऱ्याबाहेर काढतात होय? आणि तिकडं केलगेरीत तळ्याकाठी तुमचं घर, भिंतींना पाणी सुटलेलं. हा एवढा दिवाण काय डोक्यावर नेणार?"

ते खरं होतं. भिंतींचं खरं होतं, दिवाणाचंही. वेदश्री कितीतरी वेळ सासूकडं बघत राहिली.

"मी आहे की," जयलक्ष्मीबाई तिच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या. "घरातल्या जिवाला उपाशी ठेवीन होय मी?"

वेदश्री अमावास्येला गेली. जाताना तिनं फ्रिजमध्ये पाला निवडून ठेवला, श्रीनिधीला दिव्याचं बटण दोनदा दाखवलं. मग दिवाणाशी वाकून कासवाच्या हनुवटीखाली बोट फिरवलं. त्यानं मान लांब करून डोळे मिटून घेतले.

पहिले काही दिवस सगळं सुरळीत चाललं. जयलक्ष्मीबाई सकाळी पाला टाकायच्या, कासव फरशीवरून खाली उतरून कचाकचा खायचं. मग आषाढी एकादशी आली. मठात जाऊन त्या दंडावर तप्तमुद्रा, तापवलेल्या शंखचक्राचे ठसे, घेऊन आल्या, दुसऱ्या दिवशी पारणं फेडलं आणि शाकव्रताचा संकल्प केला. फ्रिजमधली मेथी, तांदुळजा, लिंबं, मिरच्या, सगळं पिशवीत भरून कामवालीला देऊन टाकलं. फ्रिज गोमूत्रानं पुसला.

त्या दिवशी कासव त्यांच्या बांगड्यांचा आवाज ऐकून कडेशी आलं. मान ताणून उभं राहिलं. त्यांनी भिजवलेले मूग त्याच्यापुढं ठेवले, व्रताला चालणारे. त्यानं वास घेतला, तोंड फिरवलं आणि पुन्हा त्यांच्याकडं बघितलं.

"खा रे बाबा. या घरात सगळ्यांना एकच नियम."

श्रीनिधी म्हणाला, "आई, त्याला कशाला व्रत?"

"तू बाहेर गिरमिट खाऊन येतोस, कांदा-कोथिंबीर घातलेलं. मी कधी विचारलं? ते बाहेर. घरात शाक नाही."

श्रीनिधी गप्प झाला. गप्प होणं त्याला लहानपणापासून छान जमायचं.

मग दिव्याचा विषय झाला. दिवसाढवळ्या विजेचा दिवा कशाला, म्हणून त्यांनी तो काढून टाकला आणि दांड्याखाली तेलाचा नंदादीप ठेवला. रोज सकाळी देवांच्या अभिषेकानंतर तांब्याभर थंडगार पाणी कासवाच्या पाठीवर पुरुषसूक्त म्हणत ओतायला लागल्या. वर तुळशीचा हार. बाहेर आठ-आठ दिवस सूर्य दिसत नव्हता, उणकलच्या तळ्यावरून गार वारं यायचं. मातीचा चिखल झाला. कासव मडक्यात जाऊन बसायचं. मडक्यातही पाणी साचलं तेव्हा फरशीवर येऊन बसायला लागलं, जिथं आता ऊब नव्हती.

एकदा त्यांच्या साडीचा काठ आत लोंबकळला. हिरवा काठ. कासवानं तो तोंडात धरला आणि ओढला. जोर नव्हता, पण सोडेना. जयलक्ष्मीबाईंनी शेजारपाजारी सांगितलं, "पदर धरला हो माझा कूर्मप्पानं. म्हणाला असेल, मलाही ने वैकुंठाला." बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघीतिघी येऊन कासवाला हळदकुंकू वाहून गेल्या.

त्यांना कळत नव्हतं असं नाही. काठाला दोन ठिकाणी दात नसलेल्या तोंडाचे चिमटे उमटले होते, ते त्यांनी रात्री बोटानं चाचपले होते. खायला मागतंय, हे तीन वर्षं आजाऱ्याचं तोंड बघून काढलेल्या बाईला शिकवावं लागत नाही. पण दिवाणाकडं नजर गेली की नवऱ्याच्या जागेवर ओतलेली ती माती दिसायची. मागू दे.

वेदश्रीनं फोनवर नवऱ्याला विचारलं, "खातोय का?"

"झोपायलंय सारखं. पावसाळा ना."

"फोटो पाठवा."

त्यानं पाठवला. हार, कुंकू, नंदादीप. डोळे दिसत नव्हते. आषाढ सरेपर्यंत सासरी पाऊल टाकायचं नव्हतं, म्हणून तिनं दुसऱ्याच दिवशी धारवाडहून येणाऱ्या शेजाऱ्याबरोबर तांदुळज्याची ही एवढी जुडी पाठवली. जयलक्ष्मीबाईंनी ती फाटकातच घेतली आणि फाटकातच रस्त्यावरच्या गाईला घातली. गाईला घातलेलं कधी वाया जात नाही.

बाळाचार्य आले होते त्या दिवशी. दोन गल्ल्या सोडून राहणारे त्यांच्या घरचे पुरोहित, सत्तरी ओलांडलेले, तोंडानं फटकळ. त्यांनी दिवाणात डोकावून बघितलं आणि उपरण्यानं नाक झाकलं. "जयक्का, हे काय चाललंय? संकल्प तुम्ही सोडला की यानं?"

"घर एक, अन्न एक, आचार्य."

"मुक्या जिवाला नियम नसतो हो. आतुराला, आजाऱ्याला नसतो, लेकराला नसतो. गवत तरी घाला. गवताला कुणी शाक म्हटलंय?"

"तुम्ही म्हणता तर घालू," त्या गोड हसून म्हणाल्या, आणि आचार्यांपुढं दूध ठेवलं. गवत घातलं नाही. हातात विळा घेऊन पावसात कोण जाणार, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. फाटकाबाहेर गुडघाभर गवत माजलं होतं.

श्रावण लागला आणि वेदश्री परत आली. चप्पल काढून तशीच मागच्या खोलीत गेली. जयलक्ष्मीबाईंनी स्वयंपाकघरातून कान दिला. रडणं नाही, ओरडणं नाही. मग पाण्याचा आवाज, कोमट पाण्याची बादली, टॉवेल. त्या दारात गेल्या तेव्हा सून जमिनीवर बसली होती. कासव मांडीवर होतं. डोळे सुजून मिटलेले, नाकाशी बुडबुडा यायचा आणि फुटायचा. मान बाहेर लोंबत होती, आत घ्यायची ताकद नव्हती.

धारवाडला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, फुप्फुसात पाणी झालंय म्हणाले, पोटात काही नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेलं. वेदश्रीनं परसात नारळाखाली खड्डा खणला, स्वतःच्या हातानं. जयलक्ष्मीबाईंनी अंगावरून पाणी घेतलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"व्रताच्या महिन्यात गेला ग. काय पुण्यवान जीव. एक पान न खाता गेला."

वेदश्रीनं मातीचे हात तसेच ठेवून वर बघितलं. "आत्याबाई, एक विचारू? जीव मोठा की व्रत मोठं?"

जयलक्ष्मीबाईंना तो प्रश्न पोरकट वाटला. "व्रत," त्या म्हणाल्या. "जीव काय, येतो नि जातो."

"बरं," वेदश्री म्हणाली.

एवढंच झालं. ना ती माहेरी निघून गेली, ना अबोला धरला. उलट त्या दिवसापासून सासूशी बोलताना तिचा आवाज उतरला, मऊ झाला. शेजारच्या बायका म्हणाल्या, "सून अगदी तुमच्या वळणावर गेली हो." दिवाण मात्र तिनं हलवू दिला नाही. माती वाळली, दिवा पुन्हा दांड्याला लागला, रोज संध्याकाळी ती तो लावायची. रिकाम्या मातीवर.

पुढच्या वर्षी ज्येष्ठात, ओल्या मडीनं तुळशीला प्रदक्षिणा घालताना जयलक्ष्मीबाईंचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. हुबळीतल्या एका दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, पट्टी-खिळे घातले. डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने अंथरूण. गोळ्यांनी पोट धरेल, तेव्हा भाजीपाला भरपूर द्या, फळं द्या.

खाट कुठं टाकायची, हा प्रश्न आला.

"मागच्या खोलीत," वेदश्री म्हणाली. "मोकळी आहे. मी सगळं करते."

तिनं दोन दिवस सुट्टी घेतली. खिडकीच्या फटी चिंध्या घालून बुजवल्या, वारं लागू नये म्हणून. खाट भिंतीला लावली, डोकं सावलीकडं, पाय उजेडाकडं. ऊब यावी म्हणून दांड्यावरचा तोच दिवा थोडा तिरका केला. हाताशी छोटं स्टूल, पाण्याचं भांडं. भिंतीवर थर्मामीटर. खाटेच्या कडेला, हात लांब केला तर पोचेल इतकं जवळ, दिवाणाचं ते उघडं खोकं.

"हे कशाला इथं?" जयलक्ष्मीबाईंनी विचारलं.

"जड आहे, आत्याबाई. डोक्यावर नेणार का?"

आषाढी एकादशीच्या आधी बाळाचार्य समाचाराला आले. खाटेशी बसून म्हणाले, "जयक्का, यंदा संकल्प नको. आतुराला सूट आहे, शास्त्रात आहे. नुसतं तोंडानं म्हणा, मला झेपत नाही. पुढचं मी बघतो."

जयलक्ष्मीबाईंनी तोंड उघडलं. दारात वेदश्री उभी होती. नुसती बघत होती, बोलणं संपेपर्यंत बघायची तशी. म्हणावं, म्हणून जीभ वळली; आणि एकदम लक्षात आलं की हे वाक्य म्हटलं की नारळाखालच्या त्या खड्ड्याशी दिलेलं उत्तरही बदलतं. मुक्या जिवाला सूट नव्हती आणि मला आहे, असं या पोरीसमोर म्हणायचं?

"माझी इतकी वर्षं झाली, आचार्य," त्या हळू म्हणाल्या. "अंथरुणावरून मोडू होय?"

"तुमचा हट्ट," बाळाचार्य उठत म्हणाले. "सूनबाई, लक्ष ठेवा."

"ठेवते," वेदश्री म्हणाली.

तिनं खरोखर लक्ष ठेवलं. फ्रिज रिकामा केला, गोमूत्रानं पुसला. कोथिंबिरीची काडी आत आली नाही. ती स्वतःही खात नसे. दुकानातल्या मुलींनी डब्यात दिलेली काकडी परत करायची. सकाळी भिजवलेले मूग, दुपारी भात-तूप-मुगाचं वरण, रात्री ताकभात. दोन्ही जेवणांना ताट समोर ठेवून बसायची, घास भरवायची, ओठ पुसायची. कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची. शेजारच्या बायका बघून जायच्या आणि आपापल्या सुनांना सांगायच्या.

आणि पहिल्याच आठवड्यात तिनं दिवाणातली माती उकरून त्यात मूठभर राजगिरा पेरला.

"हे काय करायलीस?"

"माती रिकामी कशाला ठेवायची? तोडायचं नाही, नुसतं वाढू दे. वाढायला व्रताची हरकत नसते ना?"

चार दिवसांत लालसर सुया वर आल्या. मग दोन पानं, मग चार. दिव्याच्या उजेडाकडं तोंड करून ती रोपं दाटीनं उभी राहिली. वेदश्री रोज संध्याकाळी त्यांवर चूळभर पाणी शिंपडायची, आणि ओल्या पानांचा कच्चा, गार वास खोलीभर सुटायचा. जयलक्ष्मीबाईंचं पोट दगड झालं होतं. भांड्यावर बसवलं की डोळ्यांपुढं काजवे यायचे. हिरड्या सुजल्या, जिभेवर पांढरी साय चढली, मुगाच्या वासानं मळमळायला लागलं. डोळे मिटले की तांदुळज्याची पातळ भाजी दिसायची, लसणीशिवायची, वर तुपाची धार. उघडले की राजगिरा.

एक दिवस त्या श्रीनिधीला म्हणाल्या, "अरे, पोटाचं फार होतंय."

तो घाबरला. बायकोला म्हणाला, "डॉक्टरांनी भाजी सांगितलीय ग."

"मी कुठं नाही म्हणते?" वेदश्री म्हणाली, सासूला ऐकू जाईल असं. "त्यांनी एकदा म्हणावं, जीव मोठा. मी उभ्या पायानं मेथी आणते."

श्रीनिधीनं आईकडं बघितलं. आईनं भिंतीकडं. मग श्रीनिधीनं औषधांच्या दुकानातून बायकोनं आणलेलं पोट साफ करायचं औषध दिलं. त्यानं पोटात कळा आल्या, बाकी काही नाही.

अंथरुणावर तिथींचा हिशेब राहत नाही. पंचांग देवघरात होतं. आधी जयलक्ष्मीबाई बोटांवर मोजायच्या, मग गोळ्यांच्या गुंगीत बोटं चुकायला लागली. विचारलं की वेदश्री म्हणायची, "अजून आहे की, आत्याबाई. तुम्ही कशाला घोर करता? मी आहे ना." ती खोटं बोलत नसे. अजून असायचंच.

त्या दुपारी बाहेर झड लागली होती. वेदश्री कामावर गेली असं त्यांनी धरलं होतं, कारण पुढचं दार वाजलं होतं. ताटात सकाळचे मूग तसेच पडले होते, आंबूस वास सुटला होता. राजगिरा आता हातभर झाला होता, एक देठ वाकून खाटेच्या अंगावर आलं होतं. त्यांनी त्याच्याकडं कितीतरी वेळ बघितलं. अजून किती दिवस? पंधरा? वीस? तोवर मी राहते का? हाताला त्यांनी काही सांगितलं नव्हतं. हात आपला आपण कडेवरून गेला, बोटांनी पान धरलं, तोडलं. तोंडात घातलं. कच्चं, तुरट, मातीचे कण लागलेलं. लाळ सुटली, जबडे दुखले. मग दुसरं. मग देठच ओढून घेतलं आणि कोवळा शेंडा, पानं, सगळं ओरबाडून खाल्लं. हनुवटीवर हिरवा रस ओघळला.

वर बघितलं तेव्हा दारात वेदश्री उभी होती.

किती वेळ उभी होती, कोण जाणे. ती आत आली, पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि सासूची हनुवटी पुसली. अगदी हलक्या हातानं. मग हनुवटीखाली एक बोट क्षणभर फिरवलं.

"आज श्रावण शुद्ध दशमी," ती म्हणाली. "आज शेवटचा दिवस होता, आत्याबाई. उद्या एकादशी. परवा तर भाजीच होती."

जयलक्ष्मीबाईंच्या घशातून आवाज आला तो त्यांनाही ओळखू आला नाही. मग त्या रडायला लागल्या, लहान पोरासारख्या, हिरव्या दातांनी. वेदश्रीचा हात धरून म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस ग. पाया पडते. बत्तिसावं होतं माझं. एकतीस वर्षं..."

"मी कशाला सांगू?" वेदश्रीनं हात सोडवून घेतला. "मला फक्त एक उत्तर बदलून पाहिजे होतं. ते मिळालं."

द्वादशीला सकाळीच बाळाचार्य शाकदान घ्यायला आले. महिनाभर सोडलेली भाजी आधी ब्राह्मणाला द्यायची आणि मग आपण खायची, ही रीत. वेदश्रीनं सुपात भोपळा, पडवळ, दोडकी मांडली होती, आणि वर दिवाणातला राजगिरा, मुळासकट उपटून, माती धुऊन. जुडीत एक देठ नागवं होतं, शेंडा खुडलेलं. तिनं ते मधोमध ठेवलं होतं.

सूप खाटेवर ठेवून तिनं सासूचा हात त्याला लावला.

"वा, जयक्का!" बाळाचार्य आनंदानं म्हणाले. "मी म्हणत होतो, झेपायचं नाही. पार पडलं ना बत्तिसावं? निर्विघ्न?"

जयलक्ष्मीबाईंनी त्या देठाकडं बघितलं. बाहेर परसात नारळावरून पाणी निथळत होतं. देवघरात नंदादीप जळत होता, त्यांच्या हातात दानाचं तुळशीचं पान होतं. दान देताना खोटं बोललं तर काय होतं, ते त्यांनी गल्लीतल्या कितीतरी बायकांना समजावून सांगितलं होतं.

"पडलं," त्या म्हणाल्या.

"निर्विघ्न," शेजारून वेदश्री म्हणाली, मऊ आवाजात. "मी होते ना इथंच, आचार्य. माझ्या डोळ्यांदेखत."

आचार्यांनी सूप उचललं, आशीर्वाद दिला. ते फाटकाबाहेर गेले. मग वेदश्रीनं स्वयंपाकघरातून ताट आणलं. उरलेल्या राजगिऱ्याची भाजी, वर तुपाची धार. ती स्टूल ओढून खाटेशी बसली, घास केला आणि सासूच्या तोंडाशी धरला.

"खा, आत्याबाई," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीही मीच आहे."